टेबल समोर दिसतंय, तरी सापडत नाही!

प्रश्न : विंडोजवर मायएसक्यूएलमध्ये बिलिंगचा प्रोग्राम व्यवस्थित चालत होता. लिनक्स सर्व्हरवर चढवताच ‘टेबल अस्तित्वात नाही’, एरर ११४६. टेबल तर तिथे आहे!

उत्तर : आहे, पण नाव बघा. तुमच्या कोडमध्ये ‘कस्टमर’चा सी कॅपिटल असेल आणि सर्व्हरवर स्मॉल. मायएसक्यूएल टेबल डिस्कवर फाइलच्या रूपात ठेवतं. लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात, विंडोजला एकच. शिवाय विंडोजवर टेबल बनवताना नाव मुकाट्याने स्मॉल करून ठेवलं जातं. बॅकअपमधून तेच पुढे गेलं.

हे ‘लोअर केस टेबल नेम्स’ या सेटिंगवर ठरतं : लिनक्सवर ०, विंडोजवर १, मॅकवर २. सर्व्हरवर १ करून टाका असा सल्ला कुणीतरी देईलच. पण ८.० आवृत्तीपासून डेटाबेस सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ते ठरवावं लागतं, नंतर बदलत नाही. शेअर्ड होस्टिंगवर तर विसराच.

त्यापेक्षा कोडमधली सगळी टेबलनावं स्मॉल करा. क्वेरीत टेबलांना दिलेली टोपणनावंही तपासा, लिनक्सवर तीही अडतात. कॉलमच्या नावांना मात्र हात लावू नका. त्यांना कुठेच फरक पडत नाही.