घराचे छप्पर : निगा, दुरुस्ती आणि काटकसर

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आडुतुरै हे गाव आहे. तंजावरच्या भोसले राजघराण्यामुळे हा प्रदेश मराठी वाचकास परका नाही. कावेरीच्या कालव्यांनी भिजणाऱ्या या भूमीत 1922 साली आडुतुरै येथे भातसंशोधन केंद्र स्थापन झाले. 'एडीटी' या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या भाताच्या अनेक जाती येथूनच शेतकऱ्यांच्या हाती गेल्या. भात हे येथील लोकांचे अन्न होय. आणि भाताचा पेंढा व नारळीच्या विणलेल्या झावळ्या यांनीच पिढ्यान् पिढ्या येथील गरिबांची घरे शाकारली जात असत. त्यांच्या शेजारी नळीच्या कौलांची, मंगळुरी कौलांची आणि चुन्याच्या गच्चीची घरेही उभी राहिली. अलीकडे सिमेंट काँक्रीटची घरे वाढत आहेत. छपरांचे इतके प्रकार जेथे जवळजवळ आढळतात, तेथे छपराच्या खर्चाचा विचार करणे सोयीचे ठरते.

छपरावरील पैसा तीन प्रकारे वाया जातो. काम अवेळी केल्याने, चुकीच्या जागी केल्याने, आणि जेथे काटकसर करू नये तेथे ती केल्याने. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

वेळेची निवड

महाराष्ट्रात पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. कावेरीच्या मुखप्रदेशात मात्र मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो. तेथील 'सांबा' हंगामाचे भात साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत कापले जाते. त्या वेळी पेंढा ताजा, कोरडा व मुबलक असतो. शिवाय नुकताच पावसाळा संपल्यामुळे छपराच्या आतील बाजूस गळतीचे डाग स्पष्ट दिसत असतात. म्हणून छपराची पहिली पाहणी पाऊस संपताच करावी व डागांवर खडूने खुणा करून ठेवाव्यात. दुसरी पाहणी पावसाच्या महिना-दीड महिना आधी करावी. सप्टेंबर संपत आला म्हणजे प्रत्येकास कारागीर हवा असतो. मजुरी वाढते आणि काम घाईचे होते. कोकणात घर शाकारण्याचे काम वैशाखातच उरकण्याची जी रीत आहे, तिच्यामागेही हाच व्यवहार आहे.

पेंढ्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. 1960 नंतरच्या दशकांत भाताच्या ठेंगण्या जातींचा प्रसार झाला. धान्य वाढले, परंतु ताटे आखूड झाली. पुढे कापणी व मळणी एकाच वेळी करणारी यंत्रे आली. त्यांतून निघणारा पेंढा मोडलेला व विस्कटलेला असतो. शाकारणीस लांब, सरळ व न मोडलेली काडी लागते. अशी काडी दुर्मीळ झाल्याने पेंढ्याचे छप्पर पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही.

छपरावरून पाणी कसे वाहते

पेंढ्याची काडी पाणी शोषून घेते. तरीही शाकारलेले छप्पर गळत नाही. याचे कारण त्याच्या उतारात व थरांत आहे. पाण्याचा थेंब एका काडीवरून खालच्या काडीवर घरंगळतो आणि थराच्या खोल भागात शिरण्यापूर्वीच वळचणीपर्यंत पोहोचतो. उतार कमी असेल तर थेंब रेंगाळतो, पेंढा ओला राहतो आणि कुजू लागतो. म्हणून पेंढ्याच्या छपरास सुमारे 45 अंशांचा उतार देतात. कौलांना याहून कमी उतार चालतो.

उताराचा खर्चाशी थेट संबंध आहे. वळचणीसह 6 मीटर लांब व 4 मीटर रुंद जागेवर दुपाखी छप्पर घालावयाचे आहे असे समजा. जमिनीवर मोजलेले क्षेत्र 24 चौरस मीटर भरते. परंतु 45 अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष छप्पर सुमारे 34 चौरस मीटर होईल, तर 30 अंशांच्या उतारावर ते सुमारे 28 चौरस मीटर होईल. सामान मागवण्यापूर्वी हे गणित न केल्यास सामान अपुरे पडते किंवा उरून वाया जाते.

गळतीचा शोध

घरात जेथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असतेच असे नाही. पाणी आत शिरल्यावर वाशाच्या किंवा रिपेच्या खालच्या अंगाने वाहत जाते आणि एखाद्या गाठीशी अडून खाली पडते. म्हणून गळतीचे मूळ डागाच्या वरच्या बाजूस, आढ्याच्या दिशेने शोधावे. छपरावर पाणी ओतून पाहावयाचे असल्यास वळचणीपासून आरंभ करून हळूहळू वर जावे. आधीच आढ्यावर पाणी ओतले तर सर्व छप्पर भिजते आणि दोषाची जागा कळत नाही.

गळती बहुधा सांध्यांत असते : आढ्यावरील कोने, दोन पाखी मिळतात तेथील पन्हळ, आणि छप्पर भिंतीस टेकते ती कड. या तीन जागा तपासल्यावाचून सर्व छप्पर उतरवण्याचा निर्णय घेऊ नये. कौलारू घरात फुटलेली कौले तेवढी बदलावीत आणि त्याच मापाची काही कौले जवळ ठेवावीत. मंगळूर येथे 1865 साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. या पद्धतीच्या कौलांना खाचा असतात व ती एकमेकांत अडकतात. पण निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळतीलच असा भरवसा नसतो.

चुन्याच्या जुन्या गच्चीत लाकडी तुळयांवर विटा उभ्या बसवून वर विटांचे तुकडे व चुना यांचा कोबा केलेला असतो. तिची पहिली निगा म्हणजे पाणी जाण्याचे मार्ग मोकळे ठेवणे आणि पिंपळाचे रोप दिसताच मुळासकट काढणे. भेगा बुजवण्याऐवजी दर वर्षी वर नवा थर घालत गेल्यास गच्चीचा भार वाढतो आणि तुळया वाकतात. काँक्रीटच्या छतास खालून तांबूस डाग पडले किंवा गिलावा सुटू लागला, तर आतील लोखंडी सळ्या गंजत आहेत असे समजावे. तेथे नुसता रंग देणे म्हणजे रोग झाकणे होय. ॲस्बेस्टॉसमिश्रित सिमेंटचे जुने पत्रे कापू, घासू अथवा फोडू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

वाऱ्याचा जोर

16 नोव्हेंबर 2018 रोजी 'गज' नावाचे चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि कावेरीच्या मुखप्रदेशातील असंख्य घरांची छपरे उडाली. वारा छपरास केवळ ढकलतो असे नाही. छपरावरून वेगाने जाताना तो त्यास वर ओढतो, आणि उघड्या दारा-खिडक्यांतून आत शिरलेला वारा त्यास आतून उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे हा जोर चौपट होतो. म्हणून वासे तुळईस, तुळई खांबास आणि खांब जमिनीस घट्ट जखडलेला असावा. या साखळीतील एक गाठ सुटली तरी बाकीच्या गाठी निरुपयोगी ठरतात. शाकारलेल्या छपरावरून काथ्याचे किंवा नायलॉनचे दोर तिरपे, 45 सेंटिमीटरांहून अधिक अंतर न ठेवता, खालच्या सांगाड्यास बांधावेत. वळचण भिंतीबाहेर अर्ध्या मीटरहून अधिक काढू नये. दोरास लागणारा खर्च संपूर्ण छपराच्या मानाने अल्प असतो.

खर्चाचा हिशेब

पेंढ्याच्या छपरास 12,000 रुपये लागतात व ते 3 वर्षे टिकते असे समजा. म्हणजे वर्षास 4,000 रुपये झाले. कौलारू छपरास सांगाड्यासह 60,000 रुपये लागतात, ते 30 वर्षे टिकते आणि किरकोळ दुरुस्तीस दर वर्षी 1,000 रुपये लागतात असे समजा. म्हणजे वर्षास 3,000 रुपये झाले. या हिशेबाने कौलेच स्वस्त ठरतात. परंतु ते 60,000 रुपये दर साल शेकडा 10 दराने कर्जाऊ घेतले, तर पहिल्या वर्षी व्याजच 6,000 रुपये होईल! गरीब माणूस महाग पडणारे छप्पर पुन्हापुन्हा का घालतो याचे उत्तर या आकड्यांत आहे. यात त्याचे अज्ञान नसून हाती रक्कम नसणे हे कारण आहे.

अशा वेळी सर्व घर एकदम बदलण्याचा हट्ट न धरता भागाभागाने बदलणे हाच मार्ग उरतो. मग आरंभ कोठून करावा? याचे उत्तर पुढील घटना देते.

जेथे काटकसर करू नये

16 जुलै 2004 रोजी कुंभकोणम येथील एका शाळेत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली. शाकारलेल्या छपरातून ती वर्गांवरील छपरास जाऊन भिडली आणि 94 बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर तामिळनाडू सरकारने शाळांवरील शाकारलेली छपरे काढण्याचा आदेश दिला.

वाळलेला पेंढा वा झावळी चटकन पेटते. काड्यांमधील हवा ज्वाळेस पोसते, आणि जळते तुकडे खाली पडून सुटकेची वाट अडवतात. म्हणून चुलीवरील छप्पर प्रथम बदलावे. तेथे कौले घालावीत, आणि शक्य असल्यास स्वयंपाकघर मुख्य घरापासून अलग ठेवावे. जेथे पेंढा ठेवणे भागच आहे तेथे रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने सुचवलेला उपाय उपयोगी पडतो. भुसा घालून मळलेल्या मातीच्या गाऱ्यात रॉकेल व मेण घालून पातळ केलेले डांबर मिसळतात आणि त्याचा लेप छपरावर देतात. हा लेप पावसाने सहसा धुपत नाही व आगीस अटकाव करतो. डांबर तापवण्याचे व मिसळण्याचे काम मात्र घरापासून दूर, जाणत्या माणसाच्या हातून करून घ्यावे. रॉकेल विस्तवाजवळ नेऊ नये. शिवाय 2 सेंटिमीटर जाडीच्या लेपाने दर चौरस मीटरवर 30 किलोग्रॅमहून अधिक भार वाढतो. सांगाडा तो पेलेल की नाही हे आधी पाहावे. वाळवी लागलेल्या वाशांवर असा लेप देणे धोक्याचे आहे.

तात्पर्य

पाऊस संपताच पाहणी, सांध्यांची वेळीच दुरुस्ती, सामानाचे आगाऊ गणित आणि भागाभागाने बदल, या चार गोष्टींनी छपराचा खर्च पुष्कळ आटोक्यात राहतो. वाऱ्यापासून व आगीपासून रक्षण करणाऱ्या गोष्टी या हिशेबात सर्वांत आधी मांडाव्यात आणि उरलेल्या रकमेत बाकीचे काम बसवावे. विद्यार्थ्यांनी आपल्या घराच्या व शाळेच्या छपराचे क्षेत्र मोजून, त्याचा उतार काढून आणि गळतीच्या जागा नकाशावर दाखवून पाहाव्यात. हे करताना छपरावर चढू नये. जमिनीवरून व आतून निरीक्षण केले तरी यातील बरेचसे समजते.