न्यायवैद्यक संशोधनाचा प्रस्ताव कसा उभा करावा

परळच्या केईएम रुग्णालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकणाऱ्याला संशोधनाचा विषय लांब शोधावा लागत नाही. शवविच्छेदनानंतर राखलेला व्हिसेरा (अंतर्गत अवयवांचे नमुने) पोलिसांमार्फत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि मग डॉक्टर, तपास अधिकारी, घरचे सगळेच सीए रिपोर्टची (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची) वाट पाहतात. प्रस्ताव लिहिण्याआधी ही वाट स्वतः चालून बघा. प्रकरण नेमकं कुठे अडतं? सील नीट नसल्यामुळे, सोबतचा फॉर्म अर्धवट भरल्यामुळे, की यंत्रासमोरच्या रांगेत? फॉर्म सुधारायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही, हे आधी कळलेलं बरं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, म्हणजे नमुन्यांचा ओघ वाढणारच.

प्रश्न ठरवतानाच तपास अधिकारी, प्रयोगशाळेतले विश्लेषक आणि सरकारी वकील यांना सोबत घ्या. ‘सेहत’ या संस्थेने 2008 पासून मुंबई महापालिकेच्या तीन रुग्णालयांबरोबर लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत काम केलं, ते जरूर अभ्यासा. पुरावा गोळा करण्याइतकंच महत्त्व तिथे पीडितेची संमती, उपचार आणि समुपदेशन यांना होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून अशा प्रकरणांतल्या टू-फिंगर टेस्टला, म्हणजे पीडितेच्या योनीच्या बोटांनी केलेल्या तपासणीला, मनाई केली. संशोधनाने तपासणीच्या टेबलावरची वागणूक बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

निधीसाठी प्रश्नाप्रमाणे दार निवडा. वैद्यकीय प्रश्न असेल तर आयसीएमआर, पोलिसी कामाचा असेल तर पोलीस संशोधन व विकास ब्यूरो. केंद्राने 2024 मध्ये मंजूर केलेली 2,254.43 कोटींची न्यायसहायक सुविधांची योजना मुख्यतः संकुलं आणि प्रयोगशाळा उभारण्यासाठी आहे. विभागातल्या छोट्या अभ्यासाने तिच्यावर विसंबू नये. कंपनीचा सीएसआर निधी यंत्रासाठी मिळाला, तर रसायनं आणि देखभालीचा खर्चही त्याच वेळी मागून घ्या. यंत्र विकणारी कंपनीच पैसे देत असेल, तर प्रतिकूल निष्कर्षही छापण्याची मुभा करारात लिहून घ्या.

नैतिकता समितीकडे लवकर जा. आर्थर रोड तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांवर अभ्यास असेल तर जास्तच काळजी हवी, कारण तुरुंगातला होकार मोकळा असेलच असं नाही. कोठडी आणि तुरुंगातल्या लोकांसाठी 1990 पासून काम करणाऱ्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’शी आधी बोला. परदेशी भागीदार असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तिला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा.

आणि सही करण्याआधी एवढं लिहून घ्या: अनुदान संपल्यावर तंत्रज्ञाचा पगार कोण देणार.