साखळ्या स्वतःहून रांगेत लागतात तेव्हा

बारावीच्या रसायनशास्त्रात बहुवारिकांचा पाठ आहे. नावं, एकवारिकं, उपयोग हे सगळं आपण पाठ करतो, पण एक प्रश्न राहूनच जातो. साखळी तयार झाली, पुढे काय? त्या साखळ्या एकमेकींशेजारी कशा बसतात? पदार्थाचे बरेचसे गुण यावरच ठरतात. आज तेच समजून घेऊ.

कापूस आणि कोळसा

आपली वणी कापसाची आणि कोळशाची. कापूस म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो घटक जोडून झालेली लांब साखळी. कोळशात कार्बनची सपाट षटकोनी कडी असतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन पूर्ण कड्यावर पसरलेले असतात. आता कल्पना करा, कापसासारखी लांब साखळी, पण तिचे मणी कोळशातल्यासारखे सपाट. असं बहुवारिक असतं. त्याला संयुग्मित बहुवारिक म्हणतात.

यात एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. त्यामुळे पाय इलेक्ट्रॉन एका जागी अडकत नाहीत, साखळीवर पसरतात. १९७७ साली शिराकावा, मॅकडायार्मिड आणि हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीनवर आयोडीनची क्रिया केली, तेव्हा त्याची विद्युतवाहकता जवळपास एक कोटी पटींनी वाढली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

अडचण कुठे येते?

साखळीच्या आत प्रभार सहज फिरतो. पण साखळी संपली की त्याला शेजारच्या साखळीवर उडी घ्यावी लागते. साखळ्यांचा गुंता असेल तर उडी लांबची पडते. म्हणून त्या नीट रचलेल्या हव्यात. पण एवढ्या बारीक साखळ्या रचणार कोण? कोणीच नाही! त्या स्वतःच रचल्या जातात. यालाच स्वयंजुळणी म्हणतात.

पी३एचटी या बहुवारिकाचं उदाहरण घेऊ. याचा कणा थायोफिनच्या सपाट कड्यांचा, आणि प्रत्येक कड्याला सहा कार्बनची एक शेपटी. सपाट कडी भाकरीवर भाकरी ठेवावी तशी एकमेकांवर बसतात. दोन थरांतलं अंतर साधारण ०.३८ नॅनोमीटर. शेपट्या शेपट्यांच्या बाजूला जातात आणि कण्यांच्या दोन रांगांत सुमारे १.६ नॅनोमीटर अंतर राखतात.

पण शेपट्या साखळीवर नियमित क्रमाने लागलेल्या पाहिजेत. कडब्याची पेंढी घट्ट बांधता येते, पऱ्हाट्यांची मोळी तशी बसत नाही, कारण फांद्या वाटेल तिकडे निघालेल्या असतात. इथेही तसंच आहे.

रवाळ तुपाचा धडा

तूप हळूहळू थिजलं तर छान रवाळ होतं. पटकन फ्रिजमध्ये ठेवलं तर कण बारीक राहतात. रेणूंना आपली जागा शोधायला वेळ लागतो, म्हणून असं होतं. प्रयोगशाळेतही हेच करतात. पी३एचटी गरम झायलीनमध्ये विरघळवून द्रावण सावकाश थंड करतात. नारिंगी द्रावण गडद जांभळं होतं. रंग बदलला म्हणजे साखळ्या सरळ होऊन एकमेकींवर बसल्या. त्यातून साधारण १५ ते २० नॅनोमीटर रुंदीचे तंतू तयार होतात. आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

नुसती शिस्त पुरत नाही, दिशाही हवी

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९९९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी पी३एचटीच्या थरांपासून ट्रान्झिस्टर बनवले. काही थरांत कडी पृष्ठभागावर उभी होती, काहींत आडवी. या फरकामुळे प्रभाराच्या गतिशीलतेत १०० पटींहून जास्त तफावत आली!

असं का? ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह पृष्ठभागालगत आडवा जातो, म्हणून उभी कडी सोयीची. सौर घटात प्रभाराला थराच्या वरून खाली जायचं असतं, तिथे आडवी कडी बरी. म्हणजे 'चांगली रचना' अशी एकच नसते. कोणत्या कामासाठी, हे आधी विचारावं लागतं.

या पदार्थांच्या मर्यादाही लक्षात ठेवा. हवा, ओलावा आणि प्रकाशाने ते खराब होऊ शकतात. म्हणून छपरावरच्या पॅनेलमध्ये अजून सिलिकॉनचंच राज्य आहे. पण हे पदार्थ शाईसारखे छापता येतात, वाकवता येतात, म्हणून संशोधन जोरात आहे. आपल्या राज्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि आयसरमध्ये संयुग्मित बहुवारिकांवर काम चालतं. विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी ही नावं वहीत लिहून ठेवावीत.

स्वाध्याय

१. सेल्युलोजच्या साखळ्याही नीट रचलेल्या असतात, तरी कोरडा कापूस वीज का वाहून नेत नाही?
२. द्रावण झटकन थंड केलं तर तंतूंचं काय होईल? तुपाच्या उदाहरणावरून सांगा.
३. एकाच पदार्थाचे दोन थर, पण गतिशीलता वेगळी. कारण दोन वाक्यांत लिहा.

उत्तरं आधी स्वतःच्या शब्दांत लिहा, मग मित्राला समजावून सांगा. त्याला समजलं, तर तुम्हालाही समजलं!