कॉफीने फिल्म धुताना

कॅमेऱ्याची कळ दाबली की फिल्मवर चित्र उमटते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्या क्षणी डोळ्यांना दिसेल असे काहीच घडलेले नसते. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो तेथे चांदीचे मोजके अणू मोकळे होतात, इतकेच. अशी अदृश्य खूण असलेल्या कणांना इलेक्ट्रॉन पुरवून त्यांची काळी दिसणारी धातुरूप चांदी करणे, हे डेव्हलपरचे काम. रसायनशास्त्राच्या तासाला आपण ज्याला क्षपण म्हणतो, तेच हे.

हे काम कॉफीही करते. १९९५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत डॉ. स्कॉट विल्यम्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉफी आणि धुण्याचा सोडा यांपासून डेव्हलपर तयार केला. तो पुढे ‘कॅफेनॉल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. जगभर फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीचेच हे शहर, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. नावामुळे मात्र गैरसमज होतो. कॅफीनचा येथे काहीच वाटा नाही. कॅफीन काढून टाकलेली कॉफीही चालते. काम करते ते कॉफीतील कॅफिक आम्ल आणि त्याच्या कुळातील द्रव्ये, आणि तीही केवळ अल्कधर्मी द्रावणात. म्हणून सोडा हवा. पुढे या मिश्रणात क जीवनसत्त्वाची भर पडली. ते स्वतःही क्षपणक आहे आणि कॉफीच्या जोडीने दोघांचे काम वेगाने होते.

एक लिटर पाण्यास कोरडा धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, हे रूढ प्रमाण. ते १०० आयएसओपर्यंतच्या फिल्मला योग्य आहे. त्याहून वेगवान फिल्मवर धूसर झाक येते. ती टाळण्यासाठी लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालतात.

विद्यार्थी मित्रहो, घोटाळा होतो तो सामान आणताना. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे दोन वेगळे पदार्थ आहेत. खायच्या सोड्याने द्रावण पुरेसे अल्कधर्मी होत नाही. दुकानातील धुण्याच्या सोड्याचे खडे असतील तर त्यांच्या वजनातील निम्म्याहून अधिक वाटा पाण्याचा असतो. ५४ ग्रॅम कोरड्या सोड्याऐवजी असे ताजे खडे सुमारे १४६ ग्रॅम लागतात. ते स्टीलच्या भांड्यात तापवून कोरडी पूड करणे आणि मगच वजन करणे, हा आमच्या मते निर्धोक मार्ग. ॲल्युमिनियमचे भांडे मात्र वापरू नये, सोडा ते खातो. तसेच लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल. ते क जीवनसत्त्वासारखेच पांढरे आणि आंबट असले, तरी डेव्हलपरचे काम करत नाही, उलट सोडा मारते. कॉफीच्या पाकिटावर चिकोरी लिहिलेली असेल तर तितकी कॉफी कमी, हे ध्यानात घ्यावे.

प्रकाश पडलेली फिल्म एकदाच डेव्हलप करता येते. चूक झाली तर ती चित्रे गेली. अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादा न धुतलेला जुना रोल पडून असतो. त्यात कदाचित आजीचे एकमेव छायाचित्र असेल. तो पहिल्या प्रयोगासाठी मुळीच घेऊ नये. आधी नव्या रोलच्या टोकाची, कॅमेऱ्यात भरताना उजेड लागलेली पट्टी कापून घ्यावी आणि वर्गातच, भर उजेडात, पेलाभर द्रावणात बुडवावी. काही मिनिटांत ती काळी झाली तर द्रावण चांगले. तशीच राहिली तर सोडा तपासावा.

सोडा आधी विरघळवावा, मग क जीवनसत्त्व, शेवटी कॉफी. मिश्रण थोडे फसफसते. बुडबुडे बसू द्यावेत. वास उग्र येतो, खिडक्या उघड्या असाव्यात, हातमोजे घालावेत. दिसायला हे मिश्रण थेट कॉफीच असल्याने वसतिगृहात त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी हवीच. हवेने ते बिघडते, म्हणून तासाभरात वापरावे. फिल्म पूर्ण अंधारात टाकीत भरल्यावर २० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे लागतात. पहिले मिनिट टाकी सतत हलवावी, नंतर दर मिनिटाला तीनदा. आपल्याकडील उन्हाळ्यात नळाचे पाणी बरेच गरम असते. माठातले पाणी घेऊन भांड्याभोवती बर्फ ठेवावा.

‘घरगुती’ हा शब्द मात्र येथवरच लागू पडतो. उरलेले सिल्व्हर ब्रोमाइड काढून टाकल्याशिवाय चित्र उजेडात टिकत नाही आणि त्यासाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विकतच आणावे लागते. चांदीचे क्षार विरघळवण्याचा त्याचा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच नोंदवला होता. मिठाच्या संपृक्त द्रावणानेही हे काम होते, पण इतके संथ की आम्ही ते सुचवणार नाही. कापलेली पट्टी हायपोत पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म त्यात ठेवावी. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवावा. फिल्म वाहत्या पाण्याने नीट धुवावी आणि धूळ नसलेल्या खोलीत, खालच्या टोकाला चिमटा लावून, वाळत टांगावी.