तेवीस छोटे पाठ : ग्रंथालय-सेवकांच्या शिक्षणातून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध



ज्याने इतरांना शिकवावयाचे त्याने स्वतः शिकणे थांबवू नये, ही गोष्ट आपणांपैकी प्रत्येकास मान्य आहे. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. एखादी गोष्ट आपणांस येत नाही हे चारचौघांत, आणि त्यातही विद्यार्थ्यांसमोर, कबूल करण्याचा आपणांस संकोच वाटतो. संकोचापायी शिकणे लांबणीवर पडते आणि त्याची किंमत मुलांना द्यावी लागते.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "गुरुजी, टिटवी झाडावर घरटे न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी का घालते?" शाळेच्या कपाटात शंभरेक पुस्तके होती, त्यांत उत्तर सापडले नाही. खिशात मोबाईल होता; पण त्यावर मराठीत शब्द कसा लिहावा आणि जो मजकूर समोर येईल त्यातील विश्वसनीय कोणता हे कसे ओळखावे, हे लेखकास येत नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या कधी उजाडला नाही. मुलीने पुन्हा विचारले नाही, आणि हळूहळू इतरही काही विचारीनाशी झाली.

नवी साधने शिकण्याचा प्रश्न अशा रीतीने थेट मुलाच्या जिज्ञासेशी येऊन भिडतो. हाच प्रश्न ग्रंथालयांत काम करणाऱ्यांपुढेही उभा राहिला होता. त्यांनी तो कसा सोडविला, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

१. शार्लट येथील उपक्रम

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचे शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या अनेक शाखा शहरभर व आसपास पसरलेल्या आहेत. सन २००६ च्या सुमारास तेथील सेवकांची स्थिती आपल्यासारखीच होती. पुस्तकांची देवघेव, मांडणी व वर्गीकरण यांत ते मुरलेले होते. परंतु वाचक आता इंटरनेटवर छायाचित्रे लावू लागले होते, स्वतःचे लेखन तेथे प्रसिद्ध करू लागले होते, ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकू लागले होते, आणि त्यासंबंधी प्रश्न घेऊन देवघेवीच्या मेजापाशी येत होते. ज्यांच्याकडे उत्तरासाठी यावयाचे तेच निरुत्तर होऊ लागले.

ग्रंथालयाच्या तंत्रज्ञान विभागाच्या संचालिका हेलेन ब्लोअर्स यांनी त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात एक उपक्रम सुरू केला. तो पुढे 'तेवीस गोष्टी' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याची आखणी अगदी साधी होती. नऊ आठवड्यांत तेवीस लहान कृती करावयाच्या. तिसऱ्या कृतीत प्रत्येकाने इंटरनेटवर स्वतःची अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, उघडावयाची आणि पुढील प्रत्येक कृतीविषयी तीत चार ओळी लिहावयाच्या. मग छायाचित्रे ठेवण्याचे स्थळ पाहावयाचे, आपल्या पुस्तकांची यादी इंटरनेटवर करावयाची, अनेकांनी मिळून लिहावयाच्या विकी-पानावर एखादी नोंद घालावयाची, ध्वनिमुद्रित पुस्तक शोधावयाचे, असा क्रम होता. तेविसावी कृती सिंहावलोकनाची होती : मला काय आले, काय जड गेले, पुढे काय शिकावयाचे आहे?

२. या रीतीची वैशिष्ट्ये

या उपक्रमातील चार गोष्टी शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, येथे व्याख्यान नव्हते. सेवकांना एका दालनात बसवून दिवसभर माहिती सांगितली गेली नाही. कृती काय करावयाची ते लिहून दिले, आणि प्रत्येकाने ती आपल्या गतीने, आपल्या हाताने केली. पोहणे काठावरून शिकता येत नाही, हे आपण मुलांना सांगतोच.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पायरी लहान होती. एका बैठकीत पुरी होईल एवढीच कृती असल्यामुळे अपयश आले तरी ते लहानच राही. गणितात एकदम भागाकार न देता आपण वजाबाकीपासून चढत जातो, तीच ही पद्धत होय.

तिसरी गोष्ट संकोचासंबंधीची आहे. अनुदिनी लिहिताना स्वतःचे खरे नाव देण्याची सक्ती नव्हती. टोपणनाव चालत असे. चूक करण्याचे स्वातंत्र्य मिळाल्याखेरीज प्रौढ माणूस शिकावयास धजत नाही, हे आयोजकांनी ओळखले होते. आरंभीच्या एका कृतीत आजन्म शिकणाऱ्याच्या 'साडेसात सवयी' सांगितल्या होत्या. ध्येय ठरवून आरंभ करणे, आपल्या शिक्षणाची जबाबदारी स्वतः घेणे, अडचणीस आव्हान मानणे, दुसऱ्यास शिकविणे इत्यादी सात सवयी झाल्यावर उरलेली अर्धी सवय होती खेळण्याची! बालवाडीत आपण ज्या गोष्टीस मान देतो, ती प्रौढांच्या शिक्षणातही तितकीच आवश्यक आहे.

चौथी गोष्ट, परस्परसाहाय्य. ज्यास एक कृती साधली त्याने शेजाऱ्यास दाखवावी, अशी अपेक्षा होती. मुदतीत सर्व कृती पुऱ्या करणाऱ्यास गाणी व पुस्तके ऐकण्याचे एक लहान यंत्रही भेट मिळे. पण बक्षिसापेक्षा रीतीचेच आकर्षण मोठे ठरले, कारण हा आराखडा इतरांना मोकळेपणाने वापरू दिल्यावर ऑस्ट्रेलियासह अनेक देशांतील ग्रंथालयांनी तो आपापल्या गरजेप्रमाणे बदलून स्वीकारला.

३. साधने गेली, सवय राहिली

आता या उपक्रमातील सर्वांत महत्त्वाच्या बोधाकडे वळू. त्या तेवीस कृतींत शिकविलेली कित्येक साधने आज अस्तित्वात नाहीत. उपयुक्त स्थळांच्या खुणा जपून ठेवण्यासाठी तेव्हा 'डिलिशस' नावाची सेवा फार लोकप्रिय होती. २०१७ मध्ये तिच्यात नव्या नोंदी घेणे थांबले. फ्लिकर, लायब्ररीथिंग, यूट्यूब अशी काही टिकली, पण त्यांचेही रूप पार पालटले आहे.

मग त्या सेवकांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी केवळ कळा दाबावयास पाठ केल्या असत्या, तर त्या ज्ञानाचा साधनांबरोबरच अंत झाला असता. परंतु अपरिचित साधन समोर आले असता न घाबरता ते उघडावे, एक लहान काम करून पाहावे, चुकले तर मागे यावे, आणि कळले ते दुसऱ्यास सांगावे, ही सवय त्यांना लागली. ही सवय जुनी होत नाही.

आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतील चौथे. आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे, हे पाचवे. संस्था वाढावयाची तर तिच्यातील माणसानेही वाढले पाहिजे, असा या पाचव्या सूत्राचा अर्थ शार्लटच्या उदाहरणावरून आपणांस घेता येईल. आणि खेड्यातील शाळेत ग्रंथपाल बहुधा शिक्षकच असतो.

४. आपल्यासाठी नऊ आठवडे

वरील रीत आपल्या परिस्थितीस जुळवून पुढील क्रम सुचविला आहे. रोज पंधरा मिनिटे पुरेत. जेथे इंटरनेट दुबळे आहे, तेथे गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी जाल तेव्हा मजकूर उतरवून घ्यावा आणि शाळेत वापरावा.

पहिला आठवडा : मोबाईलवर मराठी कळफलक बसवून रोजचा सुविचार त्यावर लिहावा.

दुसरा आठवडा : मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्यात रोज एक विषय शोधावा.

तिसरा आठवडा : एकच माहिती दोन ठिकाणी पाहून ताडावी. लिहिले कोणी, केव्हा, कशाच्या आधारे, हे तीन प्रश्न विचारावे.

चौथा आठवडा : प्रथम बुक्स या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या स्थळावरून आपल्या वर्गास झेपेल अशी एक मराठी गोष्ट निवडून वाचून दाखवावी.

पाचवा आठवडा : मराठी विकिस्रोत व राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय पाहावे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये वारले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०११ पासून सर्वांस खुले झाले. कोणते पुस्तक मोकळेपणाने वापरता येईल, हे अशा रीतीने तपासावे.

सहावा आठवडा : पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचिन्ह मोबाईलने टिपून 'दीक्षा'वरील पूरक साहित्य उघडावे आणि वर्गात दाखविण्यापूर्वी स्वतः पुरते पाहावे.

सातवा आठवडा : शाळेच्या कपाटातील पुस्तकांची यादी संगणकावर किंवा मोबाईलवर तक्त्याच्या रूपात करावी. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, याचा एक रकाना ठेवावा.

आठवा आठवडा : यांपैकी एक कृती शेजारच्या शाळेतील शिक्षकास शिकवावी.

नववा आठवडा : काय आले व काय राहिले, हे वहीत प्रामाणिकपणे लिहावे.

एक सावधगिरी मात्र पाळावी. मुलांची नावे, छायाचित्रे किंवा पत्ते कोणत्याही खुल्या स्थळावर टाकू नयेत.

५. समारोप

टिटवीच्या प्रश्नाचे उत्तर लेखकास पुढे मिळाले. टिटवी हा जमिनीवर वावरणारा पक्षी आहे. तिच्या अंड्यांचा मातकट रंग व त्यांवरील काळे डाग खडीमातीशी असे मिसळून जातात की, दोन पावलांवरूनही ती दिसू नयेत. पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच चालू लागतात. शत्रू जवळ आलाच तर टिटवी आरडाओरडा करून त्यास दुसरीकडे नेते. उघडी जमीन हेच तिचे लपण्याचे ठिकाण! हे शोधावयास फार तर दहा मिनिटे लागली. परंतु जिने प्रश्न विचारला होता, ती मुलगी तोवर शाळा सोडून पुढे गेली होती.

म्हणून, बंधुभगिनींनो, यापुढे असा प्रश्न आला तर "उद्या सांगतो" म्हणण्याऐवजी "मलाही ठाऊक नाही; चला, आपण मिळून शोधू," असे म्हणावे. शिक्षकास शिकताना पाहणे, हा मुलांना मिळणारा फार मोठा पाठ होय.

विचारार्थ प्रश्न व स्वाध्याय

१. गेल्या महिन्यात विद्यार्थ्यांनी विचारलेले व आपणांकडून अनुत्तरित राहिलेले तीन प्रश्न आठवून लिहा. त्यांतील एकाचे उत्तर वर्गासह शोधा.

२. शार्लटच्या उपक्रमात चुका करण्यास मोकळीक कशी ठेवली होती? आपल्या वर्गात ती कितपत आहे?

३. आपल्या शाळेतील एखादे साधन मोडेल या भीतीने कुलपात राहिले आहे काय? ते मुलांच्या हाती देण्यासाठी पहिली लहान पायरी कोणती, ते ठरवा.