कोळसा घेताना भट्टीचीही चौकशी करा

कबाबची शेगडी असो, कोळशाची इस्त्री, कल्हईचे काम असो की लोहाराची भट्टी, कोळशाचा खर्च रोजचाच. तरीही खरेदीच्या वेळी आमचे बांधव दोनच गोष्टी विचारतात : लाकूड कोणते आणि भाव काय? बाभळीचा कोळसा जड व टिकाऊ, हे खरे. पण तोच कोळसा एका भट्टीतून धुरकट निघतो आणि दुसरीतून निर्धूर, इकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

हा फरक भट्टीतल्या उष्णतेचा आहे. सुमारे ३०० अंश सेल्सिअसवर काम आटोपले, तर १०० किलो कोरड्या लाकडाचा साधारण ४२ किलो कोळसा होतो. पण त्यात ३१ टक्क्यांच्या आसपास भाग धूर व वायू होऊन उडून जाणारा असतो. उष्णता ५०० अंशांपर्यंत नेली तर कोळसा ३३ किलोच भरतो आणि उडणारा भाग सुमारे १३ टक्के उरतो. म्हणजे भट्टी लवकर विझवली की विकणाऱ्याचे वजन वाढते. त्या वजनाचे पैसे आपण देतो!

कच्चा कोळसा झटकन पेटतो, ज्वाळा दाखवतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होते. पक्का कोळसा पेटायला वेळ घेतो. मात्र एकदा फुलला की एकसारखी आच देतो. लोहाराजवळ भाता असतो, त्याला पेटवण्याची अडचण नाही. त्याने पक्काच घ्यावा. कबाबवाल्याने पेटवणीपुरता थोडा कच्चा ठेवला तर चालेल. इस्त्रीवाल्याने तो मुळीच घेऊ नये, धुराचा डाग गिऱ्हाइकाच्या कपड्यावर पडतो.

खांड मोडून पाहावे. पक्क्याचा आवाज खणखणीत, मोड काळी व चकचकीत. कच्च्याची तपकिरी व निस्तेज. भट्टीला भेग पडून हवा शिरली असेल, तर कोळसा आतल्या आत जळून ठिसूळ होतो आणि पोत्याच्या तळाशी चुरा साठतो. चुरा शेगडीतला वारा कोंडतो. म्हणून पोते तळापर्यंत ओतून घ्यावे. पाणी मारलेले असल्यास तेही तिथेच कळते.

धूर नसलेला कोळसा निर्धोक मात्र नसतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. थंडीत दुकानाचे शटर ओढून, आत शेगडी ठेवून झोपणाऱ्याला तो जागेही होऊ देत नाही.