चोरवाट

मनुष्य हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो, असा विचार इटलीतील शास्त्रज्ञ तोरिचेल्ली याने १६४४ साली एका पत्रात मांडला. या अदृश्य महासागराचा भार समुद्रसपाटीला सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाइतका असतो. जेथे हवा विरळ होते, तेथे बाहेरची हवा आत धाव घेते. राजमार्ग मिळाला नाही, तर ती चोरवाटेने शिरते. जुन्या मोटारींचा एक अवघड विकार या चोरवाटेतूनच उद्भवतो.

मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सी हजारोंनी धावत असत, त्या काळची ही गोष्ट. एके सकाळी एक टॅक्सीचालक आपल्या मुलासह एका वृद्ध मिस्त्रीच्या गॅरेजात आला. त्याची मुद्रा चिंताक्रांत होती. त्याची गाडी रस्त्यावर वेगाने नीट धावे. परंतु चौकात थांबली की थरथरू लागे आणि बंद पडे. मागून कर्ण्यांचा गजर होई आणि उतारू कंटाळून उतरून जात. दुसऱ्या एका गॅरेजात त्याला नवा कार्ब्युरेटर घालण्याचा सल्ला मिळाला होता. शाळा सुरू होण्यास आठवडाच उरला होता आणि मुलाच्या पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांवाचून त्याच्याजवळ दुसरी शिल्लक नव्हती.

मिस्त्रीने हत्यारांना हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, “वेगात असताना गाडी कधी अडखळते का?”

“कधीच नाही,” चालक म्हणाला.

“मग घाई नको. गाडी स्वतःच आपले दुखणे सांगते आहे.”

मुलाला या बोलण्याचे नवल वाटले. तेव्हा मिस्त्रीने त्याला जवळ बोलावून समजावले, “बाळ, पिस्टन खाली सरकतो तेव्हा इंजिन श्वास घेते. ती हवा कार्ब्युरेटरमधूनच यावी लागते. तेथे एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा मिळते. गाडी उभी असताना कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळे आतील हवा फार विरळ होते आणि एखाद्या फटीतूनही बाहेरची हवा जोराने शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन धापा टाकते. वेगात मात्र झडप उघडते. मोठ्या दाराने भरपूर हवा येऊ लागली की फटीतल्या हवेचा हिशेब कोण ठेवतो!”

“पण काका, हवा तर दिसत नाही. मग फट सापडायची कशी?”

“हवा दिसत नसली, तरी तिची करणी दिसते.”

मिस्त्रीने इंजिनाला निर्वातमापक जोडला. हे यंत्र आतील शोषणाचा जोर पाऱ्याच्या सेंटिमीटरांत दाखवते. निरोगी इंजिन उभ्या गाडीत सुमारे ४५ ते ५० दाखवते. येथे काटा ३५ वर स्थिर होता. परंतु ठिणगी उशिरा पडत असेल, तरीही काटा खाली येतो. म्हणून मिस्त्रीने प्रथम ठिणगीची वेळ तपासली. ती बिनचूक होती. एक शंका फिटली. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक त्याने सांध्यासांध्यावरून फिरवले. परंतु इंजिनाच्या आवाजात काही निश्चित ऐकू येईना. रबरी जोडनळी चिमटीत दाबून पाहिली. इंजिनाच्या चालीत फरक पडला नाही. दुसरी शंकाही फिटली.

“काही लोक येथे पेट्रोल शिंपडून पाहतात. तापलेल्या इंजिनावर ते आगीला आमंत्रणच होय. साधे पाणी पुरेसे आहे,” असे म्हणून त्याने पिचकारीने थेंब सोडण्यास आरंभ केला. झडपेच्या दांड्यापाशी थेंब पडले, फरक नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मागच्या कडेला थेंब पडताच इंजिनाची थरथर क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. फटीने पाणी ओढून घेतले होते आणि तेवढा वेळ चोरवाट बंद झाली होती!

“तेथे तर कालच नवे पॅकिंग बसवले आहे!” चालक उद्गारला.

मिस्त्रीने कार्ब्युरेटर उतरवला आणि त्याच्या बुडावर पोलादी पट्टी आडवी ठेवून तो उजेडासमोर धरला. पट्टीखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसली. पूर्वी कोणीतरी नट फाजील आवळल्याने बुडाच्या कडा वाकल्या होत्या. वाकड्या पायावर नवे पॅकिंग तरी काय करणार?

सपाट काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून त्यावर मिस्त्रीने ते बूड सावकाश घासले. प्रकाशाची रेघ नाहीशी झाल्यावर ते स्वच्छ पुसले, पॅकिंग बसवले आणि दोन्ही नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळले. इंजिन सुरू झाले. काटा ४७ वर जाऊन थांबला आणि गाडी उभ्या जागी संथपणे गुणगुणू लागली. मिस्त्रीने पॅकिंगची किंमत आणि दोन तासांची मजुरी तेवढी घेतली. पुस्तकांचे पैसे चालकाच्या खिशातच राहिले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील पद्मिनी टॅक्सींचे पर्व संपले. तथापि त्या मिस्त्रीची रीत जुनी झालेली नाही. सुटा भाग बदलणे सोपे असते. कारण शोधण्यास धीर लागतो. एका वेळी एकच शंका घ्यावी, तिची परीक्षा करावी आणि मगच पुढे जावे. कारण हाती आले, की उपाय पुष्कळदा लहानच असतो.

स्वाध्याय

१. गाडी वेगात नीट का धावे आणि उभी असताना बंद का पडे?
२. मिस्त्रीने कोणकोणत्या शंका कोणत्या क्रमाने दूर केल्या?
३. नवे पॅकिंग बसवूनही दोष का राहिला?
४. ‘हवा दिसत नसली, तरी तिची करणी दिसते’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.